आत्ताच्या आवाजात काय नाही?

काकांनी यादी शेवटपर्यंत वाचली, दोनदा घडी घातली आणि माझ्याच हातात परत ठेवली. माझ्या इलेक्ट्रिक गिटारला नवा पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून तिची वीज करणारी तारांखालची डबी, कुठला लावायचा याची ती यादी. चार पानं होती ती, तीन महिने रात्री जागून काढलेली. पिकअपचं नाव, चुंबक कुठल्या जातीचं, कॉइलचा रेझिस्टन्स किती, वापरणाऱ्यांनी काय म्हटलंय, सगळं रकाने पाडून लिहिलेलं. काका कित्येक वर्षं गिटार दुरुस्त करतात. माझी समजूत अशी की ते पेन घेतील, एका नावावर खूण करतील आणि म्हणतील, हा लाव. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे सगळं ठीक आहे गं. पण आत्ताच्या आवाजात काय नाही, ते सांग." मी म्हटलं, "थोडा वॉर्म हवाय, काका. बॉडी हवी. आणि जरा ओपन." ते म्हणाले, "हे या कागदावरचे शब्द झाले. तुझे सांग." मी बोलायला तोंड उघडलं आणि काही सुचेचना. त्यांनी घाई केली नाही. सोल्डरिंग आयर्न ओल्या स्पंजवर पुसलं, स्टँडवर ठेवलं, दुसऱ्या कुणाच्या तरी गिटारच्या तारा सैल करायला घेतल्या. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग गिटार पिशवीत घातली आणि घरी आले.

तो प्रश्न पुढे दोन आठवडे माझ्या मागे लागला होता.

आधी मला काकांचाच राग आला. बारा वर्षं मी ही एकच गिटार वाजवतेय. डोळे मिटून दोन सूर ऐकले तर कुठला पिकअप चालू आहे ते सांगू शकते. तार जुनी झालीय की नवी, तेही. मग आवाजात काय नाही एवढं साधं मला सांगता येऊ नये? काहीतरी नाही, हे मात्र पक्कं होतं. गेल्या वर्षभरात प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकताना एक बारीकशी निराशा यायची, जेवताना दाताखाली खडा यावा तशी. काय चुकलंय ते कळायचं नाही, पण चव गेलेली असायची. त्या निराशेवर मी जो उपाय शोधला तो आजकाल सगळेच शोधतात. मी वाचत सुटले. तुलना करणारे व्हिडिओ पाहिले. एकच गिटार, एकच वादक, तीच चाल आणि बारा वेगवेगळे पिकअप. तिसऱ्यानंतर सगळे सारखे वाटायला लागायचे आणि नवव्यानंतर पहिला कसा होता तेच आठवायचं नाही. आवाजाची स्मरणशक्ती फार तोकडी असते. चेहरा वर्षानुवर्षं लक्षात राहतो, आवाजाचा पोत अर्ध्या मिनिटात विरतो. मग हातात धरायला आकडे उरतात. आकड्यांचा आधार वाटतो, कारण आकडा सकाळी वाचला तरी तोच असतो.

खरं तर तोही तोच नसतो. मी मल्टिमीटर आणला होता. एका सकाळी नेक पिकअप, म्हणजे गिटारच्या मानेजवळचा, मोजला तर ५.८ किलोओहम. त्याच दिवशी दुपारी, खोली तापलेली असताना, ६ च्या वर. मला वाटलं मीटर बिघडला. तांबं एक अंश तापलं की त्याचा रेझिस्टन्स सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. दहा अंशांचा फरक म्हणजे सहा हजार ओहमच्या कॉइलमागे दोन-अडीचशे ओहम. माझ्या यादीतल्या निम्म्या पिकअपांमध्ये फरक होता तो तेवढाच. ५.८ चांगला की ६, यावर मी रात्री घालवल्या होत्या आणि तो सगळा फरक सकाळ-दुपारमध्ये बसत होता. शिवाय रेझिस्टन्सवरून कॉइलमध्ये किती तार आहे याचा नुसता अंदाज येतो, तोही तारेची जाडी ठाऊक असली तर. तार बारीक वापरली की वेढे तेवढेच ठेवूनही आकडा फुगतो. चुंबकाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. माणसाचं वजन सांगून त्याचा स्वभाव ओळखा म्हणावं, तसं ते झालं.

यादी बाजूला ठेवली आणि नुसती गिटारकडे बघत बसले. इतकी साधी वस्तू असते पिकअप म्हणजे. चुंबकाच्या सहा कांड्या, त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, साधारण आठ हजार वेढे. उलगडून सरळ केली तर एका कॉइलमधली तार एक किलोमीटरहून लांब भरते. बोटभर लांबीच्या त्या डबीत किलोमीटरभर तार आहे, हे मला अजूनही कधीकधी खरं वाटत नाही. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, क्षेत्र हललं की कॉइलमध्ये वीज उठते. फॅरेडेनं हे १८३१ मध्ये दाखवून ठेवलेलं. तारेखाली कॉइल ठेवून ते वाद्यात आणायला पुढे शंभर वर्षं गेली. १९३१ च्या सुमाराला जॉर्ज बीचम यांनी नालाच्या आकाराची दोन चुंबकं तारांवरून वळवून जो पिकअप केला, तिथून इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट सुरू होते. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की पिकअप तारेला कुठेही शिवत नाही. मध्ये दोन-तीन मिलिमीटर नुसती हवा असते. नायलॉनची तार लावली तर त्याला काही ऐकू येत नाही. त्याच्याजवळ तोंड नेऊन हाक मारली तरी तो ढिम्म. त्याला कळतं फक्त लोखंडाचं हलणं, तेही अगदी त्याच्या डोक्यावर जेवढं हलतं तेवढंच. तार ब्रिजपाशी, म्हणजे जिथे ती अंगावर टेकते तिथे, जेमतेम हलते, म्हणून तिथला आवाज टोकदार आणि पातळ. नेकपाशी ती मोकळी झुलते, म्हणून तिथला गोल आणि भरलेला. ब्रिजच्या पिकअपला चार वेढे जास्त द्यायची पद्धत आहे ती याचसाठी, त्याच्या वाट्याला मुळात कमी येतं म्हणून.

हे वेढे पूर्वी माणसं हातानं मार्गी लावायची. बॉबिन यंत्रावर फिरायचं, पण तार कुठे जाईल, किती ताणली जाईल, ते बोटांच्या चिमटीत ठरायचं. अबिगेल इबारा नावाची बाई १९५६ मध्ये फेंडर या गिटार कंपनीच्या कारखान्यात लागली आणि वर्षानुवर्षं हे काम करत राहिली. तिच्या हातचे पिकअप लोक आजही शोधत फिरतात. मी त्यांतला एकही ऐकलेला नाही. पण आठ हजार वेळा फिरणाऱ्या तारेवर एका बाईची दोन बोटं, हे चित्र मनातून जात नाही.

माझी ही गिटार मूळची दादाची. तो एकोणीस वर्षांचा असताना घेतलेली, मी तेव्हा दहाची. त्याच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत. रात्री मी अंथरुणावर पडलेली असायचे आणि पलीकडून आधी खटका वाजायचा, अँपच्या बटणाचा. मग घूंऽऽ अशी बारीक गुणगुण सुरू व्हायची. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या, पिकअपची ती जन्मखोड. कॉइल तारेचं ऐकते तसंच घरातल्या वीजवाहिन्यांचंही ऐकते. भिंतीतल्या वायरी, दिवे, ट्रान्सफॉर्मर, सगळे सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा जे हेलकावे घेत असतात ते तिच्यात उतरतात. मला अर्थात यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की गुणगुण सुरू झाली म्हणजे दादा आता वाजवणार. मध्येच ती एकदम मंद व्हायची. त्यानं तारांवर पंजा ठेवला की तसं होतं, कारण तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात आणि हात लागला की अंगानं गोळा केलेला आवाज तिकडे उतरतो. म्हणजे भिंतीपलीकडे न बघता मला कळायचं, आत्ता त्याचा हात तारांवर आहे, आता उचलला, आता वाजवेल. बरेचदा पहिला सूर यायच्या आत मला झोप लागायची.

पुढे त्यानं वाजवणं सोडलं. कारण विचारलं तर म्हणायचा, "असंच." गिटार माझ्याकडे आली.

म्हणून गुणगुणीच्या बाबतीत माझं मन कधी एका बाजूला पडलं नाही. गाण्याच्या शांत जागांत ती नको तेवढी कानात येते. आमची गायिका एकदा सहज म्हणाली होती, "तू थांबतेस, पण तुझी गिटार थांबत नाही." तिचं बरोबर होतं. यादीतल्या पहिल्या दीड पानावर हमबकर, म्हणजे गुणगुण मारणारे पिकअप, होते ते यामुळेच. गिब्सन या गिटार कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये केलेली ती युक्ती मला फार सुंदर वाटते. शेजारी शेजारी दोन कॉइल ठेवायच्या, एकीची गुंडाळण आणि चुंबकाची दिशा दोन्ही उलट. वायरींची गुणगुण दोघींत विरुद्ध दिशेनं उमटते आणि एकमेकींना खोडते, तारेचा आवाज मात्र दोनदा उलटून सरळ होतो आणि जोडला जातो. पेटंट मिळेपर्यंत १९५९ उजाडलं. मधल्या काळात पिकअपच्या तळाला 'पेटंट अप्लाइड फॉर' असा कागद चिकटवलेला असे आणि त्या कागदाच्या आद्याक्षरांवरून पीएएफ हे नाव पडलं. त्या काळचे दोन पीएएफ एकसारखे वाजत नाहीत. वेढे मोजणं काटेकोर नव्हतं, चुंबकंही हाताला येतील ती बसवली जात. आणि गंमत म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीचा तो सैलपणा आता कारखाने फार काटेकोरपणे उतरवून घेतात.

पण दोन कॉइल म्हणजे तारेचं दोन ठिकाणी ऐकणं. तारेतले जे अगदी बारीक, आखूड तरंग असतात ते एका कॉइलवर वर असतात तेव्हा दुसरीवर खाली असू शकतात. तेही खोडले जातात. गुणगुणीबरोबर काचेसारखी एक किनार जाते. दोन कॉइल एकीखाली एक रचून सिंगल कॉइलच्याच साच्यात बसवलेले बिनगुणगुणीचे पिकअपही मी मित्राच्या गिटारवर वाजवून पाहिले. खूप चांगले होते. अँप चालू केल्यावर खोलीत काहीच झालं नाही. मी दोनदा बटण दाबून पाहिलं, लागलाय ना म्हणून. तेव्हाच मनात कुठेतरी ठरलं असावं की हे माझ्यासाठी नाही, पण ते काकांना कुठल्या तोंडानं सांगणार? आवाजात काय नाही, या प्रश्नाला ते उत्तर नव्हतंच.

एका रविवारी तारा काढल्या आणि पिकगार्डचे, म्हणजे पिकअप ज्यात बसवलेले असतात त्या पातळ पाटीचे, अकरा स्क्रू सोडवले. या गिटारला आतून मी कधी पाहिलंच नव्हतं. पिकगार्ड उलटं करून टॉवेलवर ठेवलं. वास आला, जुन्या मेणाचा आणि सोल्डरचा. नेकचा आणि मधला पिकअप जुळ्या बहिणींसारखे. तळाला काळा फायबर, त्यातून डोकावणारी चुंबकांची सहा गोल टोकं, कापडी वेष्टनाच्या वायरी, पिवळसर आणि काळी. ब्रिजचा पिकअप वेगळाच होता. त्याच्या तळाला एक जाड, राखाडी, आडवी चुंबकाची पट्टी चिकटवलेली. सिरॅमिक. वरून दिसणारे पोल म्हणजे नुसते पोलादाचे खिळे, त्या पट्टीवर टेकलेले. वायर प्लास्टिकची, तांबडी. आणि स्विचवर जिथे ती जोडली होती तिथे सोल्डरचा एक मोठा, खडबडीत गोळा, बाकी सगळे टाके नीटस, चकचकीत असताना. मीटर लावला. नेक ५.८, मधला ५.९, ब्रिज ९.७.

मी दादाला फोन केला. "हो, तो मीच बसवलाय," तो म्हणाला, जणू कालचीच गोष्ट. ड्रमर फार जोरात वाजवायचा, त्याच्या वर जायचं होतं. तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं. १९७२ मध्ये डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप आला तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या तरुण पोरं जुना पिकअप काढून जास्त वेढ्यांचा, जास्त ताकदीच्या चुंबकाचा बसवत आली आहेत. मी विचारलं, "मूळचा कुठाय मग?" तो जरा थांबला. "मेला तो." तिसरी तार फार ओरडायची, तिच्याखालचा पोल उंच होता. त्याला वाटलं, अंगठ्यानं दाबला तर खाली जाईल. दाबला. गेला खाली. पण जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तार थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते, चुंबक सरकला की आतली केसाएवढी तार तुटते. आवाज बंद. "कुणाला सांगितलं नाही मी," दादा म्हणाला. "तुला पण आत्ताच सांगतोय."

तिसरीचा तो पोल उंच का असतो, हे मला माहीत होतं. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर, या धाटणीची मूळ गिटार, आली तेव्हा लोक तिसरी तारही गुंडाळीची वापरत. तिचा आवाज दबका, म्हणून चुंबक जवळ नेलेलं. पुढे तिसरी तार साधी आली, पोल तिथंच राहिला आणि ती तार ओरडायला लागली. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं गं." चेष्टेत नाही म्हणाला.

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी त्या खडबडीत गोळ्यावर बोट फिरवत बसले. मला वाटत होतं, मी दादाच्या गिटारचा मूळ आवाज बदलायला निघालेय आणि ते एक प्रकारचं पाप आहे. यादी चार पानांची होण्याचं खरं कारण ते असावं. निर्णय पुढे ढकलायला यादी फार उपयोगी पडते. आणि मूळ आवाज तर त्यानंच कधीचा मोडून टाकला होता, अंगठ्यानं, एकोणीस-वीस वर्षांचा असताना, आणि मग घाबरून गप्प बसला होता. भिंतीपलीकडून मी जो ऐकत होते तो आवाज त्या अपघाताच्या आधीचा होता की नंतरचा? विचारायचं राहिलं. नंतरही विचारलं नाही.

नव्या तारा चढवल्या आणि वही घेतली. ठरवलं, रोज अर्धा तास वाजवायचं, यादीतला एकही शब्द वापरायचा नाही, आणि जे ऐकू येईल ते लिहायचं. पहिल्या दिवशी वहीत फक्त तीन शब्द आले: टणक, कोरडा, दमलेला. दमलेला हा शब्द वाचून मीच चमकले. कुठे दमतो? दुसऱ्या दिवशी तेवढंच शोधत बसले. नेक पिकअपवर जाड्या तारेचा बाराव्या फ्रेटच्या पुढचा सूर लावला की तो लहरत होता, सुरावर नीट बसत नव्हता, आणि लवकर विझत होता. तारवाद्यांच्या भाषेत याला चांगला शब्द आहे, आस. सूर छेडल्यानंतर मागे जो रेंगाळतो तो. त्या सुराला आस नव्हती. वाकून बघितलं तर पिकअप तारांच्या इतका जवळ होता की शेवटचा फ्रेट दाबल्यावर मध्ये जेमतेम एक मिलिमीटर उरत होता. केव्हातरी आवाज वाढावा म्हणून मीच तो वर घेतला असणार. एवढ्या जवळ आलं की चुंबक तारेला ओढून धरतं. तार मोकळी झुलू शकत नाही, एकाच सुरात दोन सूर भांडायला लागतात. जाड्या तारांच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा खाली, मग आणखी अर्धा. सूर लावला. लहरला. पाव फेरा आणखी. या वेळी सूर सरळ उभा राहिला आणि सावकाश, स्वतःच्या वेळेनं मावळला. मी तोच एक सूर वीस वेळा तरी वाजवला असेन. यादीतल्या एकाही पिकअपची गरज पडली नव्हती, एक स्क्रू पुरला होता.

आनंद झाला आणि वाईटही वाटलं. वर्षभर माझा एक सूर गुदमरत होता आणि मी दुसरीकडे बघत होते.

केबलचंही तेच. मी सहा मीटरची वापरत होते, नुसती सवयीनं. केबल स्वतः एक कपॅसिटर असते, मीटरमागे शंभर-एक पिकोफॅरड. तो कॉइलशी जुळून आवाजात एक शिखर तयार करतो, साधारण तीन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो. पिकअपचा स्वभाव म्हणून आपण जे ओळखतो ते बरंचसं हे शिखर. केबल लांब झाली की शिखर खाली सरकतं, आवाज मऊ होतो. तीन मीटरची लावून पाहिली. नेक पिकअप डोळे उघडल्यासारखा झाला. ब्रिजचा आणखी बोचरा. मग नॉब थोडा मागे घेऊन पाहिला. हे सगळं वहीत लिहिताना हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली: नेक आणि मधल्याविषयी आता काहीच तक्रार उरत नव्हती. प्रत्येक पानावरची उरलेली तक्रार एकाच जागी येऊन थांबत होती. पाच खटक्यांच्या स्विचचा दुसरा खटका, ब्रिज आणि मधला एकत्र. या गिटारीचा सगळ्यात लाडका आवाज इथे असायला हवा, पाण्यावर उन्हाचे तुकडे हलतात तसा. माझ्याकडे तो नव्हता. मी त्या खटक्यावर कधी थांबतच नव्हते, त्यावरून पुढे जात होते, बारा वर्षं.

दोन आठवड्यांनी काकांकडे गेले. यादी नेली नव्हती. ते कामात होते, मी वाट पाहिली. मग सांगितलं, "काका, दुसऱ्या खटक्यावर दोघं मिळून बोलत नाहीत. खालचा एकटाच बोलतो, मधला गप्प बसतो." त्यांनी वर बघितलं. गिटार हातात घेतली, खटका लावला, दोन कॉर्ड वाजवले आणि मान हलवली. "हां. आता सांगता येईल." मी त्यांना तांबड्या वायरीचं, सिरॅमिकच्या पट्टीचं सांगितलं. दादाच्या अंगठ्याचं नाही सांगितलं, ते त्याचं गुपित होतं. पुढची निवड दहा मिनिटांत झाली. जो बाकीच्या दोघांशी जमवून घेईल तोच हवा: तेच अल्निको ५ जातीचं चुंबक, त्याच जाडीची तार, ब्रिजसाठी म्हणून थोडे जास्त वेढे, साडेसहा किलोओहमच्या आसपास, तिसरीचा पोल खाली असलेला. आणि चुंबकाची दिशा नेकसारखी, म्हणजे मधल्याच्या उलट. तसा एक माझ्या यादीत होता, तिसऱ्या पानावर. नावापुढे मी लिहून ठेवलं होतं, 'फारच साधा'.

"बसवतेस तू?" काकांनी विचारलं आणि आयर्न माझ्याकडे सरकवलं. दादाचा गोळा मी आधी आयर्न टेकवून वितळवला. तो इतका मोठा होता की वितळायला वेळ लागला. मग एकदम चकाकला आणि तांबडी वायर मोकळी झाली. नवी जोडली, पिकगार्ड अर्धवटच टेकवून दोन तारा चढवल्या, दुसऱ्या खटक्यावर वाजवलं. पोटात गोळाच आला. आवाज नाकातून येत होता, पातळ, पोकळ, आणि गुणगुण पूर्वीपेक्षा जास्त. काका हसले नाहीत. म्हणाले, "दोन वायरींची अदलाबदल कर." नव्या पिकअपची सुरुवात आणि शेवट मधल्याच्या मानानं उलटा लागला होता. त्यामुळे जे खोडायचं ते जोडलं जात होतं, जे जोडायचं ते खोडलं जात होतं. दोन टाके उकलले, बदलले. त्यांनी आणखी एक लहानशी वायर टाकायला लावली, टोनच्या नॉबपासून ब्रिजपर्यंत. जुन्या जोडणीत ब्रिजला टोन नॉब लागूच नसतो. मी बारा वर्षं तो नॉब उगाच फिरवत होते.

मग वाजवलं. त्या आवाजाबद्दल लिहायला वहीत अजून शब्द सापडलेला नाही. पाण्यावर उन्हाचे तुकडे, हे मी ऐकायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं, ते पूर्ण खरं नाही. जरा जास्त रुक्ष आहे तो, जरा जास्त समजूतदार. पण दोघं बोलत होते. आणि त्या खटक्यावर खोली एकदम शांत झाली होती. दोन पिकअप एकमेकांच्या उलट आणि जवळपास सारख्या ताकदीचे, म्हणजे दोघं मिळून हमबकरच झाले. काढलेला पिकअप मी कागदात गुंडाळून घरी आणला. त्याच्या प्लास्टिकच्या कडेला पिकचे ओरखडे आहेत, त्यातले काही माझे नसणार.

रात्री दादाला फोन लावला, स्पीकरवर टाकून अँपजवळ ठेवला. अँपचा खटका वाजला. स्विच पहिल्या खटक्यावर होता, एकटा ब्रिज, मुद्दामच. घूंऽऽ सुरू झाली, खोलीभर, तीच. मी तारांवर पंजा ठेवला, ती मंद झाली. उचलला, परत आली. दादा काहीच बोलेना. थोड्या वेळानं म्हणाला, "लावलास का गं अँप?"

फोन अशी एकसारखी गुणगुण कचरा समजून गाळून टाकतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

"लावलाय," मी म्हटलं, आणि तिसरी तार छेडली.